हळदीचा घरचा साबण : करावा कसा, आणि त्याच्याकडून मागावे काय



लागवड, तोड आणि बिले यांच्या विचारण्यांबरोबर हल्ली आमच्याकडे एक वेगळीच विचारणा येऊ लागली आहे, आणि ती बहुतेक वेळा घरच्या लक्ष्मीकडून आलेली असते. वडनेर भोलजीच्या एका सभासदाने तर आल्याबरोबर, उसाचे काही न बोलता, आधी तेच काढले. "घरची म्हणते हळदीचा साबण घरीच करतो. करू देऊ काय? त्यात ते कास्टिक टाकतात म्हणे, अन् थो लाल पडते म्हणे. हळद पिवळी, मंग साबण लाल काहून?"

एवढ्याशा बोलण्यात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. म्हणून या अंकात ही पाने साबणाला दिली. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हळदीचा साबण घरी चांगला होतो, जरूर करावा. पण साबण म्हणून करावा. हळदीचा औषधी गुण त्या वडीतून अंगाला लागेल या भरवशावर करू नये, आणि तसे सांगून दुसऱ्याला विकू तर मुळीच नये. असे का, हे समजायला शहाण्या माणसाची पुस्तके लागत नाहीत. आपल्या घरातल्या गोष्टी पुरेशा आहेत.

पिवळ्याचे लाल का होते

सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला की डाग लालभडक होतो, हे कोणत्या घरात पाहिलेले नाही? ओवाळणीच्या ताटात हळद आणि चुना कालवून लाल पाणी करतात, तेही तेच. आणि कुंकू? सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या रीतीचे कुंकू म्हणजे हळदीवर लिंबूरस व खाराची क्रिया करून आणलेला लाल रंग. हळदीत जे पिवळे द्रव्य असते त्याला कर्क्युमिन म्हणतात. आंबट किंवा साध्या पाण्यात ते पिवळे राहते, खार लागला की तांबूस होते. शाळेत हळदीच्या कागदाने खार ओळखायचा प्रयोग आपली मुले करतात, तो याच गुणावर.

साबण हा मुळातच खारट अंगाचा पदार्थ. चांगल्या मुरलेल्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, आणि तो तयार होत असतानाचा घाणा तर त्याहून कितीतरी तीव्र. त्यात हळद टाकली की ती लाल-नारिंगी होणारच. पुढे मुरता मुरता मोहरीसारखी पिवळट-तपकिरी होते. रंग बदलतो एवढ्यावरच हे थांबत नाही. खाराच्या संगतीत कर्क्युमिन टिकत नाही, तुटत जाते. उन्हातही टिकत नाही. म्हणून तर हळदीचा डाग धुऊन कडक उन्हात टाकला की फिकट पडतो. राहिले साहिले ते अंगावर किती वेळ? साबण लावला, घासला, पाणी ओतले, मिनिटभराचा खेळ. एवढ्यात कोणते औषध लागू पडणार!

येथे एक जुनी हकिगत सांगणे जरूर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. म्हणजे आपल्या आज्ज्या कापल्या बोटावर जे दाबून धरीत, ते त्यांच्या मालकीचे झाले! त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने १९९६ मध्ये हरकत घेतली, ही गोष्ट भारतात फार पूर्वीपासून माहीत आहे याचे ग्रंथांतले व नियतकालिकांतले लेखी पुरावे मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. लढाई जिंकली याचा आनंद आहेच. आमचे लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जाते. ही सगळी लढाई जखमेवर लावायच्या, पोटात घ्यायच्या हळदीची होती. आपल्याकडेही हळद लावली ती तेलात, दुधात, सायीत, डाळीच्या पिठात. लग्नातली हळद तेला-पाण्यात कालवलेली, दिवाळीचे उटणे तसेच. खारात घालून हळद अंगाला लावा, असे कोणत्या म्हातारीने सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही. तेव्हा अंगाला हळदच लागावी अशी इच्छा असेल तर बेसन, चिमूटभर हळद आणि साय हा जुना उपाय साबणापेक्षा सरस आहे, आणि त्याला खर्चही नाही.

मग साबण करायचा कशाला? त्याची कारणे वेगळी आहेत. घरच्या साबणात तेल आपण निवडलेले असते. साबण होताना तयार होणारे ग्लिसरीन मोठे कारखाने पुष्कळदा काढून वेगळे विकतात, ते घरच्या वडीत तसेच राहते. थोडे तेल मुद्दाम जास्त ठेवता येते, त्यामुळे थंडीत कातडी कमी ओढते. आणि हळदीमुळे रंग येतो, तो बाजारातून रंग न आणता. एवढ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि पुरेशा आहेत.

आपल्या जिल्ह्याचा खार

कास्टिक सोड्याचे नाव काढले की घरात भीती शिरते, आणि शिरावीच. परंतु "नैसर्गिक साबणात कास्टिक नसते" असे जे कोणी सांगतात ते खरे नाही. तेल आणि तीव्र खार यांचा संयोग झाल्याशिवाय साबण होतच नाही. माप बरोबर असेल तर खार तेलात पूर्ण खर्ची पडतो व तयार वडीत मोकळे कास्टिक उरत नाही.

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला तर हे नवीन नसावे. लोणारच्या सरोवराचे पाणी खारे, त्यात सोडा. अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत त्या मुलखाविषयी लिहिताना काच आणि साबण करण्यास लागणारी सामग्री तेथे मिळते अशी नोंद आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबाराला आपला जिल्हा साबणाच्या खारासाठी ठाऊक होता! नुसता धुण्याचा सोडा तेलाचा धड साबण करीत नाही. म्हणून जुने कारागीर त्यात चुना मिसळून खार तीव्र करीत. आजचे कास्टिक म्हणजे तोच तीव्र खार, फक्त कारखान्यात तयार केलेला आणि मापाचा. (लोणारचा खार आणायला कोणी निघू नये. ते आता अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतले पाणथळ आहे.)

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या नांदुरा-मलकापूरकडच्या लोकांना सांगायला नको. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीत दह्यासारख्या कण्या तरंगतात, आणि साबण दुप्पट खर्ची पडतो. त्या कण्या म्हणजे पाण्यातल्या चुन्याने फाटलेला साबण. म्हणून घाणा लावताना विहिरीचे, बोअरचे पाणी घेऊच नये. पावसाचे स्वच्छ गाळलेले पाणी किंवा बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी घ्यावे. गावात शुद्ध पाण्याचे यंत्र असेल तर तेही चालेल. आणि अशा पाण्यात आंघोळ करणाऱ्यांसाठी खोबरेल तेलाचा भाग मोठा ठेवावा, कारण खाऱ्या पाण्यात त्यातल्या त्यात खोबरेलाचा साबण फेस देतो. दर्यावर्दी लोकांचा समुद्राच्या पाण्यात चालणारा साबण खोबरेलाचाच असे.

घाणा : एक किलो तेलाचा

आमचा भाग कपाशीचा, म्हणून सरकीचे तेल धरले आहे. सगळे वजनावर घ्यायचे आहे. वाटीने, पेल्याने, लिटरने नाही. खोबरेल लिटरभर घेतले तर किलो भरत नाही. ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर साबणाच्या नादी लागू नका, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

खोबरेल ५०० ग्रॅम, सरकीचे तेल ४०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. कास्टिक सोडा १५० ग्रॅम. पाणी ३३० ग्रॅम. हळद चहाचे दोन चमचे सपाट. साखर एक चमचा.

कास्टिकचा हा आकडा कोठून आला ते समजून घ्या, म्हणजे तेल बदलले तर फसगत होणार नाही. प्रत्येक तेलाची खाराची भूक वेगळी असते. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम कास्टिक लागते, सरकीला १३.८, शेंगदाण्याला १३.६, तिळाला १३.४, एरंडेलाला १२.८. वरच्या मापाने बेरीज केली तर ९१.५, ५५.२ आणि १२.८ मिळून १५९.५ ग्रॅम होतात. त्यातून सहा टक्के कमी केले की १५० उरतात. हे सहा टक्के सोडायचे, म्हणजे थोडे तेल साबणात मोकळे राहते आणि कातडीवर खार येत नाही. आता कोणी सरकीऐवजी आणखी खोबरेल घातले आणि कास्टिक तेच ठेवले, तर साबण तेलकट, मऊ होईल. उलट खोबरेल कमी करून कास्टिक तेच ठेवले तर ती वडी अंग भाजणारी होईल. शेजारणीने सांगितलेल्या अंदाजावर येथे काम चालत नाही.

साखर वाचून आपल्यातले काही जण गालात हसतील. पण ही गंमत नाही. साखरेने फेस वाढतो. आरपार दिसणाऱ्या साबणातही साखर आणि मळीपासून होणारे अल्कोहोल वापरतात. आपल्या उसाला असाही एक रस्ता आहे. साखर पाण्यात आधी पूर्ण विरघळवावी आणि मगच पुढचे काम करावे. चमच्यापेक्षा जास्त नको, घाणा फार तापतो.

भांडी स्टीलचीच. जर्मनचा गंज चालणार नाही. ॲल्युमिनियमला कास्टिक खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. तांबे-पितळही नको. एकदा साबणाला घेतलेले भांडे, पळी, ब्लेंडर पुन्हा स्वयंपाकाला आणायचे नाही.

ओट्यावर नाही, अंगणात किंवा दार-खिडकी उघडी असलेल्या पडवीत बसावे. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचे कापड. लेकरे शेजारी पाठवून द्यावीत. गंजात साखर विरघळलेले पाणी घ्यावे आणि त्यात कास्टिक थोडे थोडे सोडत ढवळावे. हे उलटे कधी करू नये. कास्टिकवर पाणी ओतले की ते उकळून अंगावर उडते. पाणी आपोआप कढत होईल, वाफ निघेल, ती नाकात घेऊ नये. मग ते झाकून बाजूला ठेवावे व गंज बाहेरून हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे.

तेवढ्यात तेले एकत्र करावीत. हिवाळ्यात खोबरेल गोठलेले असते, तेवढे वितळवून घ्यावे. हळद वस्त्रगाळ करून थोड्या तेलात कालवून ठेवावी. कोरडी वरून भुरभुरली तर वडीत ठिपके पडतात. तेलही कोमट असताना खाराचे पाणी बारीक धारेने त्यात सोडावे आणि एकसारखे ढवळावे. हाताने अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त. ब्लेंडरने काही मिनिटांत होते. मिश्रण कढीसारखे, मग पातळ पिठल्यासारखे होईल. पळीतून सोडलेली धार वर रेघ उमटवून क्षणभर राहिली की झाले. आता हळद घालावी. रंग लाल-नारिंगी होईल, घाबरू नये.

आत प्लास्टिकचा कागद घातलेल्या लाकडी खोक्यात ओतून, वर फळी आणि गोधडी टाकून, दिवसभर राहू द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजे घालूनच वड्या कापाव्यात. त्यानंतर चार ते सहा आठवडे सावलीत, वारा लागेल अशा फळीवर, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून. उतावळे लोक येथेच चुकतात. पहिल्या आठवड्यातली वडी दिसायला साबण असते, पण कच्ची, खारट आणि लवकर विरघळणारी. वर पांढरी भुकटी आली तर ती निरुपद्रवी, कापडाने पुसावी. परंतु कापताना आत पांढरे कडक खडे किंवा पाण्याचे कप्पे दिसले तर घाणा बिघडला. तो अंगाला लावू नये. मुरलेली वडी पहिल्या खेपेला कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. हळद काहींना सोसत नाही. खाज आली तर सोडून द्यावे.

एवढ्यात शंभर ग्रॅमच्या बारा-तेरा वड्या होतात. बाजारच्या वडीशी दर ताडून पाहताना तेलाबरोबर कास्टिक, मोजे आणि आपले दोन तासही हिशेबात धरावेत. खोबरेलाचा भाव चढा असेल तर घरची वडी स्वस्त पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कास्टिकचा डबा

हा भाग घरातल्या सर्वांनी वाचावा. कास्टिकचे पापुद्रे आणि दाणे पांढरे असतात, साखर-मिठासारखे दिसतात. साखरेचा जुना डबा, मिठाची बरणी, पाण्याची रिकामी बाटली यांत ते कधी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, मोठ्या अक्षरांत नाव लिहून, स्वयंपाकघराबाहेर, कुलपात ठेवा. हवेतले पाणी ओढून ते ओले होते व वजन फसते, म्हणूनही झाकण घट्ट हवे.

अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धुवावे. कपडा भिजला असेल तर काढून टाकावा. डोळ्यात गेले तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी सोडत राहावे आणि तसेच डॉक्टरकडे न्यावे. लिंबू, व्हिनेगर, तूप, हळद काही लावत बसू नये. पोटात गेले तर तोंड धुवावे, पण उलटी काढू नये. जाताना जेवढे भाजते तेवढेच परत येताना भाजते. सरळ मोठ्या दवाखान्यात न्यावे.

हळद कोणती घ्यावी

साबणाला महागडी हळद लागत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असली हळद पोटात जाऊ द्या, खारात घालून तिचे मोल घालवू नका. उसाच्या बांधाला ज्यांनी दोन गादीवाफे हळद लावली असेल त्यांनी हळकुंडे निवडून झाल्यावर राहणारी कणी वापरावी. मात्र उकडून, वाळवून, घरी दळलेली असावी. आपल्या काळ्या भारी रानात पाणी साचले की कंद कुजतात, म्हणून वाफा उंच हवा, हे जाता जाता.

विकतची सुटी पूड घेणाऱ्यांनी एक करावे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून ढवळू नये, तशीच बसू द्यावी. चांगली हळद खाली बसते व वरचे पाणी फिकट पिवळे राहते; रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळे होते. हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिशाचा क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि शिसे लेकरांच्या मेंदूला वाईट. ही परीक्षा साबणापेक्षा रोजच्या भाजीसाठी जास्त महत्त्वाची आहे. पेल्यातल्या परीक्षेने सगळी भेसळ कळत नाही, म्हणून शक्य तेथे अखंड हळकुंड घेऊन दळून आणावे.

बचत गटाने विकायचा तर

घरी वापरायला, सासरी गेलेल्या लेकीला द्यायला कोणाचा परवाना लागत नाही. विकायचा म्हटले की गोष्ट बदलते. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि तो तयार करून विकण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. वेष्टनावर काय काय घातले, वजन, घाणा क्रमांक, तारीख लिहावी लागते. "खरूज जाते", "डाग जातात", "रंग उजळतो" असले काही छापू नये. रोग बरा करण्याचा दावा केला की ते औषध ठरते आणि त्याचा परवाना वेगळा. ज्या गटांना खरोखर पुढे जायचे आहे त्यांनी बुलडाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. साबण हा खादी व ग्रामोद्योग आयोगाने धरलेल्या ग्रामोद्योगांपैकी आहे.

तयार साबणाचा गोळा आणून, वितळवून, हळद घालून वड्या पाडायची रीतही निघाली आहे. त्यात कास्टिक हाताळावे लागत नाही, म्हणून लहान मुले असलेल्या घराला ती बरी. पण मग तेल कोणते, हे आपल्या हातात राहत नाही. घरचा राहतो तो रंग आणि आकार.

दिवाळीच्या अभ्यंगाला घरची वडी हवी असेल तर घाणा अनंत चतुर्दशीच्या सुमारास लावावा, म्हणजे नरक चतुर्दशीपर्यंत सहा आठवडे मिळतात. दसऱ्याला ओतलेला साबण तोवर कच्चाच राहील. भाद्रपदात हवा दमट असते, वड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब येतात. ते ग्लिसरीनने ओढलेले पाणी. फळी भिंतीपासून थोडी पुढे घ्यावी आणि आठवड्यातून एकदा वड्या उलटवाव्यात.